थोरल्याचा फर्मा

बस वळणावर कलंडली आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराचा बूट धाकट्याच्या डाव्या पायावर पडला, तोही नेमका अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या गाठीवर. धाकट्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "सॉरी काका," पोरगा म्हणाला. धाकट्याने वर बघायच्या आधी खाली बघितलं. बूटवाल्याची खोडच ती. माणूस कोण हे कळायच्या आधी त्याला पाय दिसतो, आणि पुष्कळदा पायावरच भागतं, वर बघायची गरजही पडत नाही. बूट काळा, सरकारी, जाड तळाचा. वरच्या भोकांत नाडी ओवलेलीच नाही, आणि टाचेपाशी बोट सहज जाईल एवढी फट. मग त्याने वर बघितलं. आरमाराचा पांढरा गणवेश, नुकतेच बारीक कापलेले केस, उन्हाने रापलेलं नाक. विशीच्या आसपासचा असेल. म्हणजे आपल्या थोरल्या भावाएवढाच की, असं धाकट्याच्या मनात आलं, आणि थोरल्याच्या वयाचा मुलगा आपल्याला काका म्हणतो याची त्याला अंमळ गंमतही वाटली.

"बूट मोठा झालाय तुला," धाकटा म्हणाला. गाठ ठणकत होती, पण धंदा तो धंदा. "पुढच्याच स्टॉपला दुकान आहे माझं. ये, आत एक पट्टी मारून देतो. पायाला चिकटून बसेल."

पोरगा हसला. "नको काका, सैलच बरा. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पाण्यात पडलास की आधी बूट काढ. दोन हिसके दिले की निघाला पाहिजे. पायात घट्ट बसलेला बूट म्हणजे गेलाच माणूस."

छत्री विसरू नका असं सांगावं इतक्या सहज तो हे बोलला, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला. धाकट्याने "असं होय" म्हटलं. त्याचा स्टॉप आला, दार उघडलं, बंद झालं, आणि तो तसाच दांडा धरून उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याचा स्टॉप कधी चुकला नव्हता. पुढच्या स्टॉपला उतरून उलट चालत येताना त्याने स्वतःला समजावलं, की गाठ दुखावली म्हणून आपलं लक्ष नव्हतं. कारण पटण्यासारखं होतं. त्याला ते पटलं मात्र नाही.

धाकट्याची साठी जवळ आली होती. डोक्यावर केस नावाला उरले होते, स्वतःची मुलं शिकून दुसऱ्या गावी गेली होती, तरी गल्लीत, बाजारात, चामड्याच्या व्यापाऱ्याकडे सगळे त्याला धाकटाच म्हणत. नवीन गिऱ्हाईक कधीतरी विचारी, मग थोरले कुठे असतात? त्यावर तो "ते आरमारात होते" एवढंच सांगून पायाचं माप घ्यायला वाकायचा. पुढचं विचारायची सोय ठेवायची नाही, हे तो वडलांकडून शिकला होता. लढाईत थोरल्याचं जहाज बुडालं होतं. काही वाचले, काही किनाऱ्याला लागले, काहींना बाहेर काढून पुरलं. थोरल्याचं काहीच मिळालं नाही. टोपी नाही, पट्टा नाही, बूट नाही. तारेत 'बेपत्ता' हा शब्द होता, आणि पुढे तो कुणी बदलला नाही. माणूस गेला म्हणायला हाती काहीतरी लागावं लागतं. ते न लागल्यामुळे घरात रडण्याचा म्हणून एक असा दिवस उगवलाच नाही. शेजारीपाजारीही गोंधळले. सांत्वनाला जावं तर आई दारातूनच म्हणायची, "अहो, अजून काही कळलं नाही," आणि लोक आल्या पावली परत जायचे.

त्याने दुकान उघडलं. चामडं, सरस आणि मेण यांचा वास रोजच्यासारखा अंगावर आला. मागच्या भिंतीला छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर फर्मे. गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम कोरलेले लाकडी पाय, ज्याच्यावर चामडं ताणून बूट घडवायचा. सगळं गाव तिथे पायांनी हजर होतं. बँकेतल्या साहेबांचे लांबट पाय, पेटीमास्तरांची आखूड करंगळी, डॉक्टरीणबाईंचा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा. वय वाढतं तसा पाय पसरतो, गाठी येतात. तेव्हा दर वेळी नवा फर्मा कोरत बसण्यापेक्षा त्या जागी लाकडावर चामड्याची पातळ पट्टी चिकटवायची. जुन्या गिऱ्हाइकाचा फर्मा हातात घेतला की त्याचं सगळं आयुष्य बोटांना लागतं. आणि गिऱ्हाईक गेलं, की त्याचा फर्मा सरसाच्या शेगडीत. अप्पांच्या, म्हणजे वडलांच्या आधीपासून दुकानाची ती रीत होती. मेलेल्या माणसाचा पाय फळीवर ठेवायचा नाही. अप्पा गेले तेव्हा धाकट्याने त्यांचा फर्मा स्वतःच्या हाताने शेगडीत सरकवला होता आणि त्या आचेवर त्या दिवशीचा सरस वितळवला होता. त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. काम अडलं होतं आणि लाकूड सुकं होतं.

थोरल्याचा फर्मा तेवढा राहिला होता. सगळ्यात वरच्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात, जोडीने. बेपत्ता माणसाच्या फर्म्याचं काय करायचं, ते रीतीत नव्हतं. शिवाय अप्पा दरवर्षी थोरल्याच्या वाढदिवसाला तो खाली काढायचे, एक पट्टी चिकटवायचे, घासून गुळगुळीत करायचे, आणि संध्याकाळी घरी नेऊन आईच्या हातात द्यायचे. आई त्यावरून बोटं फिरवून परत द्यायची. धाकट्यासमोर दोघं एक शब्द बोलत नसत. धाकट्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यात न कळण्यासारखं काय होतं? अप्पा थोरल्याला मोठा करत होते. तो परत येईल तेव्हा त्याचा पाय पसरलेला असेल, विशीतला बूट चाळिशीत कसा चालेल? तेव्हा माप ताजं ठेवायचं. धाकट्याला लहानपणी ते फार थोर वाटायचं, तरुणपणी त्याचा राग यायचा, आणि अप्पा गेल्यावर पहिल्याच वाढदिवशी त्याने मुकाट्याने शिडी लावून फर्मा खाली काढला होता. आईची आशा आहे, आपलं काय जातं? त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. आज सकाळीसुद्धा आई खिडकीजवळच्या पलंगावरून म्हणालीच होती, "आज आणशील ना रे?" आणि तो नाडी बांधता बांधता म्हणाला होता, "आणतो गं. कधी विसरलोय का?"

शेगडी पेटवून त्याने सरसाचं भांडं वर ठेवलं. सरस पातळ व्हायला वेळ लागतो, आणि त्या वेळात माणसाने काही विचार करू नये म्हणून धाकटा एरवी रेडिओ लावायचा. आज लावला नाही. डाव्या पायाची गाठ ठणकत होती. ही गाठ त्याला घट्ट बुटांनी दिलेली होती. ते बूट त्याने स्वतःच शिवले होते, आणि का, हेही त्याला नीट ठाऊक होतं. अप्पांनी त्याला जन्मात एक बूट धड बसणारा केला नव्हता. गावातला पहिल्या नंबरचा कारागीर, पण स्वतःच्या धाकट्या पोराचे बूट म्हणाल तर नुसते डबे. चालताना खळक खळक वाजायचे. शाळेतल्या शर्यतीत एकदा त्याचा बूट पायातून सुटला तो थेट हेडमास्तरांच्या मांडीवर जाऊन पडला, आणि पुढची दोन वर्षं पोरं त्याला 'तोफ' म्हणत. घरी येऊन त्याने रडून आकांत केला, तर अप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आणि बूट सुटला कसा, एका झटक्यात की दोन, एवढंच विचारलं. एका, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. समाधानाने! ती मान धाकटा कधीही विसरला नाही.

आणि रोज सकाळची ती तऱ्हा. शाळेत निघताना अप्पा दारात खाली बसत, "पाय दे" म्हणत, आणि टाचेला धरून बूट ओढत. बूट हातात यायचा. "ठीक आहे," अप्पा म्हणत, आणि पुन्हा चढवत. धाकट्याला वाटायचं, अरे, तुम्हाला दिसतंय ना, निघतोय तो! डोळे फुटलेत का? थोरल्याचे बूट मात्र असे नसायचे. थोरल्याचे बूट पायावर कातडीसारखे बसायचे, ते त्याने स्वतः बघितलं होतं. तेव्हा निष्कर्ष काढायला फार अक्कल लागत नव्हती. अप्पांचा हात थोरल्याबरोबर गेला. मन गेलं, म्हणून हात गेला. जो उरला त्याच्यासाठी पुन्हा मन घालायचं त्यांना काही जमलं नाही, किंवा त्यांना तसं करावंसं वाटलं नाही. गिऱ्हाइकंसुद्धा कुरकुर करायची, की लढाईनंतर म्हाताऱ्याचे बूट ढगळ होतात. निम्मी तुटली. दुकान धाकट्याच्या हातात आलं तेव्हा त्याने ईर्षेने घट्ट बूट करायला घेतले. पायाला असे चिकटणारे, की काढताना गिऱ्हाइकाने उसासा टाकावा. तुटलेली गिऱ्हाइकं परत आली. "अप्पांचा हात शेवटी शेवटी गेला होता, तुमचं काम मात्र चपखल," असं कुणी म्हटलं की धाकटा "छे हो, त्यांच्यापुढे मी कोण" म्हणायचा आणि मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा पुन्हा चघळायचा. मेलेल्या बापावर सूड उगवण्यात तसं काही धोक्याचं नसतं.

सरस तयार झाला. त्याने शिडी लावली, थोरल्याचा फर्मा खाली काढला, धूळ पुसली. मूळचं लाकूड आता फारसं दिसतही नव्हतं. थोरला अंगाने सडसडीत, त्याचा पाय अरुंद आणि देखणा. त्याच्या जागी आता पट्ट्यांवर पट्ट्या चढून सुजल्यासारखं काहीतरी बोजड झालं होतं. रापीने त्याने चामड्याचा तुकडा कडेकडेला तासून पातळ केला, कुंचल्याने फर्म्यावर सरस लावायला घेतला, आणि हात टाचेवर जाऊन थांबला.

टाच.

टाच वयाने वाढत नाही. पंजा पसरतो, अंगठ्याशी गाठ येते, बोटं वाकडी होतात, सगळं खरं. पण टाच म्हणजे हाड, ते विशीत जेवढं तेवढंच म्हातारपणी. शिकाऊ पोरालाही हे पहिल्या महिन्यात कळतं. धाकट्याने या दुकानात एवढे फर्मे हाताळले, कुणाच्या टाचेला कधी पट्टी लावली होती? कुणाच्याच नाही. आणि थोरल्याच्या टाचेला अप्पा दरवर्षी लावत होते, आणि अप्पांनंतर तो स्वतः लावत होता, मागचा थर जिथे दिसला तिथेच पुढचा. पट्टी टाचेला आणि पायाच्या वरच्या उंचवट्याला. पंजाला एकही नाही. म्हातारपण जिथे येतं तिथे एकही नाही! बूट पायाला जिथे धरून ठेवतो नेमक्या त्याच दोन जागा. कुंचल्यावरून सरसाचा थेंब ओघळून त्याच्या मांडीवर पडला, चटका बसला, आणि तरी त्याने कुंचला खाली ठेवला नाही. दोन हिसके दिले की निघाला पाहिजे, बसमधला पोरगा म्हणाला होता.

थोरला शेवटच्या सुट्टीवर आला तो रविवार धाकट्याच्या आयुष्यातला सगळ्यात हसरा दिवस होता. निदान आजवर तरी तो तसं समजत आला होता. तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा. थोरला जिना चढून आला तोच खळक खळक वाजत, आणि बूट काढले तर दोन्ही टाचांना फोड. अप्पांचा असा संताप झाला म्हणता! "बूटवाल्याच्या पोराच्या टाचेला फोड? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!" थोरला म्हणत होता, "असू द्या हो अप्पा, सगळ्यांचे असेच असतात, सरकारी माल आहे." पण ऐकतील तर ते अप्पा कसले. रविवार असून दुकान उघडलं. सरकारी बुटांचे तळ उसवले, चामडं भिजत घातलं, थोरल्याच्या फर्म्यावर चढवून चिमट्याने असं ताणलं की चामडं करकरलं. धाकट्याच्या हातात मेणाचा गोळा होता. दोरा त्यातून ओढून द्यायचं काम त्याच्याकडे. पुन्हा तळ शिवले, आणि ओलसर असतानाच थोरल्याच्या पायात घातले, म्हणजे पायावरच सुकतील. "आता बघू," अप्पा म्हणाले आणि टाचेला धरून ओढायला लागले. बूट निघेना. "ओढा अप्पा, ओढा!" थोरला स्टुलाला धरून ओरडत होता. अप्पांनी भिंतीला पाय लावून ओढलं, तसा थोरला स्टुलासकट खाली आला, अप्पा त्याच्यावर, आणि आई डबा घेऊन दारात आलेली ती हसून हसून उंबऱ्यातच बसली. बूट पायातच. "हा बूट आता मेल्याशिवाय सुटत नाही," अप्पा धापा टाकत म्हणाले. त्यावर सगळ्यात जास्त हसला तो धाकटा. त्याला तर उचकी लागली होती.

ते वाक्य धाकट्याला आठवत होतं. म्हणजे कायमच आठवत होतं; पाठच होतं. एखादं वाक्य वर्षानुवर्षं खिशात घेऊन हिंडावं आणि ते काय आहे हे कधी बाहेर काढून बघूच नये, तसं काहीतरी झालं होतं. दोन दिवसांनी थोरला ते बूट घालून गेला. खळक वाजत नव्हतं. जिन्यावर त्याची पावलंच ऐकू आली नाहीत.

मग तार. मग काही महिन्यांनी तो खलाशी. हेही आज प्रथमच एकामागोमाग एक लागत होतं. आजवर ते वेगवेगळ्या कप्प्यांत पडून होतं. थोरल्याबरोबर जहाजावर असलेला एक खलाशी वाचला होता, तो भेटायला आला. आईने चहा ठेवला आणि धाकट्याला साखर आणायला पिटाळलं. तो पळत गेला, पळत आला, आणि तेवढ्यात सगळं बोलून झालेलं होतं. खलाशी खुर्चीच्या कडेवर बसला होता, पायात कॅनव्हासचे जुने जोडे. अप्पा त्याच्याकडे बघत नव्हते, त्या जोड्यांकडे बघत होते. आईचा पदर तोंडाला. "साखर," धाकटा म्हणाला, आणि ती कुणी घेईना. खलाशी चहा न पिताच उठला. त्यानंतर धाकट्याला जो पहिला बूट मिळाला तो ढगळ होता. गिऱ्हाइकांची कुरकुर सुरू झाली तीही त्यानंतर. आणि पहिली पट्टी?

धाकट्याने दुकानाचं दार लोटून घेतलं. त्याला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे ठरत नव्हतं. अप्पा थोरल्याला मोठा करत नव्हते. वाट बघत नव्हते. आशा वगैरे काही नव्हतं. ते नुसता एक बूट सैल करत होते. जो बूट समुद्राच्या तळाशी होता, तो इथे या फळीवर बसून, दर वर्षी थोडाथोडा. आणि तरी तो त्यांना पुरेसा सैल वाटत नव्हता. धाकट्याला थोरला दिसला, प्रथमच. आजवर समुद्र म्हणजे एक निळा कागद होता, त्यात थोरला नुसता 'नव्हता'. आता तो होता. वाकलेला होता, दोन्ही हात टाचेशी, नाडी ओली होऊन आवळलेली. आजूबाजूची माणसं पाय झटकत पाण्यात उतरताहेत आणि हा बसलाय गाठ सोडत. बस, एवढंच. यापुढे धाकट्याने बघितलं नाही. त्याने फर्मा उचलला आणि शेगडीशी नेला. मेलेल्या माणसाचा पाय. रीत होती. पण आई वाट बघत होती. तिला काय सांगणार? की तुझा मुलगा परत यावा म्हणून नव्हतं हे सगळं. तुझ्या नवऱ्याने त्याला मारलं, प्रेमाने, सगळ्यांना हसवत हसवत? तिच्याकडे एवढी एक आशा होती, आणि नव्वदीला टेकलेल्या बाईची आशा काढून घेऊन धाकटा काय करणार होता? त्याने ठरवलं, काही बोलायचं नाही. सरस वाळून गेला होता. पट्टी न लावताच त्याने फर्मा कापडात गुंडाळला आणि दुपारीच घरी निघाला.

"आज काय सूर्य पश्चिमेला उगवला?" बायकोने दार उघडत विचारलं. "बरं नाही का?"

"पायाची गाठ दुखतेय."

"दुखणार नाही तर काय होईल? गावाला घट्ट बूट घाला, पण निदान स्वतःला तरी..." ती बोलतच आत गेली.

आई पलंगावर बसलेली होती. डोळे जवळजवळ गेलेच होते, पण कापडाची सळसळ ऐकून तिने हात पुढे केले. धाकट्याने फर्मा दिला. पलंगाजवळच्या खुर्चीत बसून तो बघत राहिला. तिची बोटं चवड्यावरून न थांबता गेली, वर उंचवट्याशी थांबली, मग टाचेवर. तिथे ती अंगठ्याने दाबत राहिली.

"यंदाची नाही लावलीस."

"वेळ नाही झाला. उद्या लावतो."

"टाचेला तर अजिबातच नाही."

 मग बोलायचं नाही असं ठरवलेलं सगळं बाजूला राहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "आई, टाच वयाने वाढत नाही."

"ते मला सांगतोस?" आई म्हणाली. "बूटवाल्याच्या घरात जन्म गेला माझा."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. बायको काहीतरी पुटपुटली. आई फर्मा मांडीवर ठेवून त्यावर थोपटल्यासारखं करत होती.

"तो खलाशी सांगून गेला तेव्हाच कळलं सगळं. बाकीच्यांनी बूट झटकले आणि उड्या मारल्या. त्याने याला हाक मारली, तर हा म्हणे खाली बसून नाडी सोडत होता. मान वर करून म्हणाला, पुढे हो, आलोच." ती थांबली. "ह्यांनी त्या रात्री जेवताना मला विचारलं, थोडा सैल ठेवला असता तर? मी म्हटलं, ठेवू आता सैल. तेव्हापासून हे. त्यांना पुरेसं वाटायचंच नाही. दरवर्षी माझ्या हातात द्यायचे, मी म्हणायचे, हां, आता निघेल. मग वर्षभर झोप लागायची त्यांना."

"मला वाटलं तू वाट बघतेस त्याची."

"वाट?" आईला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "अरे, तू पण टाचेलाच लावत होतास की. मला वाटलं, तुला कळलंय."

धाकट्याला हसू आलं. इतकी वर्षं दोघं एकमेकांची समजूत राखत बसले होते, आणि दोघांचीही समजूत भलतीच. "मला का नाही सांगितलं?" त्याने विचारलं. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "एवढंसं होतं का ते? मला वाटत राहिलं, अप्पांनी माझ्याकडे... माझे बूट..."

"तुझे काय?"

"कधी धड बसले नाहीत."

"बसतील कसे?" आई म्हणाली. "तुझे बूट ते शिवायचे आणि तीन-तीनदा उसवायचे. घट्ट होईल, घट्ट होईल, म्हणून. रोज सकाळी स्वतः ओढून बघितल्याशिवाय सोडले का कधी तुला घराबाहेर? मी म्हणायचे, अहो, शाळेत चाललाय तो, समुद्रात नाही. तर म्हणायचे, एवढा एकच राहिलाय." ती जरा थांबून म्हणाली, "तुला नाही सांगितलं, कारण त्या रविवारी तू किती हसला होतास. ते हसू तरी कुणाकडे राहू दे म्हटलं."

दुपारचं ऊन खिडकीतून पलंगाच्या पायाशी आलं होतं. रस्त्यावरून कुणीतरी चाललं होतं, आणि धाकटा नेहमीच्या सवयीने ऐकत होता: टाच झिजलेली, आतल्या बाजूने. अप्पांची दारातली ती वाकलेली पाठ त्याला दिसत होती. तेल लावलेलं डोकं, मानेवर दोऱ्याचा एक तुकडा चिकटलेला. पाय दे. आणि हा वैतागून पाय पुढे करायचा, दुसरीकडे बघत. वर्षानुवर्षं, रोज, दुसरीकडे बघत. त्याने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले.

आईने फर्मा बाजूला ठेवला आणि पलंगावरून खाली वाकून हात चाचपडत पुढे नेला.

"पाय दे बघू."

"आई, राहू दे गं."

"दे म्हणते ना."

त्याने डावा पाय उचलून पलंगाच्या कडेवर ठेवला. तिने टाचेला धरून बूट ओढला. तो हलला नाही. तिने दोन्ही हातांनी ओढला. चपखल काम होतं. गावात असं कुणी करत नव्हतं.

"घट्ट आहे रे," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम घाबरल्यासारखा झाला.

"थांब," धाकटा म्हणाला. त्याने वाकून नाडीची गाठ सोडली. ती पुरेना. मग वरच्या भोकांतून नाडी काढली, मग त्याच्या खालच्या, अगदी खालपर्यंत सगळी काढून जमिनीवर टाकली, बुटाची जीभ पुढे ओढली, आणि पाय पुन्हा तिच्या हातात दिला. या वेळी त्याने दुसरीकडे बघितलं नाही.

आईने ओढलं. बूट तिच्या हातात आला.

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि चाचपडत तो पुन्हा त्याच्या पायात चढवायला लागली.